निखारे फुलेपर्यंत

आईस, कड्याच्या पायथ्यावरून धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. परवा निम्म्या कड्यावर हातांतलं बळच गेलं आणि मी निसटले, पण दोरानं लगेच धरलं. कोपर तेवढं खरचटलंय. तू जीव टांगणीला लावून घेऊ नकोस, लटकायचं काम माझ्याकडे आहे.

चढाई शिकवणारे सर ओरडले, "आधी दम खायला शिक! तीही चढाईच असते."

म्हणून काल मधेच थांबले. पाय नीट रोवले, एका हातानं खडक धरला आणि दुसरा खाली सोडून झटकला. मग हात बदलला. बळ परत आलं आणि थेट माथा गाठला. सर म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" म्हटलं, "आमच्या लाँड्रीत."

इस्त्रीतले निखारे फुलेपर्यंत तू अशीच टेबलाला टेकून हात झटकायचीस ना? ताई सांगते, विजेची इस्त्री आल्यापासून तू थांबतच नाहीस. मनगट सुजलंय म्हणे. मला का नाही कळवलंस?

मी वर दम खाते, तेव्हा खाली माझा दोर कुणीतरी धरून असतं. बाबांना सांग, दुपारची इस्त्री त्यांनी धरायची.

तू बस.

सुखरूप खाली उतरलेली,
तुझी धाकटी