घासलेटाचा शोषखड्डा

बाबा, तुम्ही गेल्यावर मागे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण! म्हणून मीच बसले आहे सांगायला. पण सुरुवात आपल्या दुकानापासूनच करते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "काऊन वं पोरी, मधातूनच सांगून राह्यली?"

चिखलीच्या टोकाला आपलं इंजिन दुरुस्तीचं दुकान. विहिरींवरची इंजिनं बैलगाडीतून यायची, तुम्ही ती खोलायचे आणि एकेक सुटा भाग घासलेटाच्या घमेल्यात टाकून ब्रशनं घासत बसायचे. तुमच्या बोटांना कायम भेगा, आणि जेवताना आई भाकरी तुमच्या हातात देत नसे, ताटात ठेवत असे. घमेल्यातलं घासलेट काळं झालं की फडक्यानं गाळून पुन्हा वापरायचं, आणि अगदीच चिखल झाला की रस्त्याच्या कडेला ओतायचं. त्यावरून आई भडकली होती. "ढोरं तोंड घालतात तिथं, दिसत नाही का तुमाले?" तेव्हा महाराष्ट्र नुकताच झालेला, आणि ग्रामसेवक दारोदार फिरून न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डे खणायला सांगत होता. तुम्ही ते ऐकलं, आणि दुकानामागे खड्डा खणला तो घासलेटासाठी! खाली दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. घमेलं ओतलं की दोन घटकांत खड्डा कोरडा. तुम्ही कौतुकानं म्हणायचे, "पाह्य, जमीन कशी पेते!" गावातल्या बाकीच्या मिस्तऱ्यांनी तो बघून आपापल्या दुकानामागे तसेच खणले. रस्ता स्वच्छ राहिला, आईचं तोंड बंद झालं, आणि तुमचा स्वभावच असा की एक थेंब इकडेतिकडे सांडू द्यायचा नाही.

उतारावर बागवाल्या काकांची विहीर होती. वांगी, मेथी, कांद्याची पात, सगळं त्या पाण्यावर. काकू आपल्याकडे मेथीची जुडी टाकल्याशिवाय बाजारात जात नसत, आणि आपल्या घरचं प्यायचं पाणीही तिथूनच यायचं. एका सकाळी मी घागर भरायला गेले तर पाण्यावर कबुतराच्या मानेसारखे रंग. काकूंचे बैल हौदाशी आले, वास घेतला आणि मागे सरले. काका तुमच्याकडे धावत आले. "मिस्तरी, इंजिन गळून राह्यलं वाटते." तुम्ही विहिरीतल्या ओट्यावरचं त्यांचं इंजिन वर काढलं, दुकानात आणलं, खोललं, घासून चकचकीत केलं. आणि ते काळं घासलेट कुठे ओतलं? खड्ड्यात. रंग गेले नाहीत, म्हणून पुन्हा खोललं, पुन्हा घासलं, पुन्हा ओतलं. अहो बाबा, जितकं तुम्ही त्यांचं इंजिन धूत होता तितकं त्यांचं पाणी नासत होतं! हे सांगतानाही माझं डोकं तडकतं.

उन्हाळ्यात गाळ काढायला तुम्ही स्वतः विहिरीत उतरलात. मी काठावर उभी. तुम्ही वर येता, पाय गुडघ्यापर्यंत काळे, आणि कुणाकडेच बघत नाही. आपल्या दुकानाच्या अंगाला मुरुमातून काळा पाझर फुटलेला तुम्ही पाहिला होता. तुम्ही काकांसमोर हात जोडले. "माहं पाप हाय हे. माह्या खड्ड्यातून येऊन राह्यलं." काका चक्क हसले. "काय मिस्तरी! घमेलंभर घासलेट एवढी जमीन फोडून येईन का माह्या विहिरीत? देवमाणूस तुम्ही, दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घेता." तुम्ही पुन्हा सांगितलं. त्यांनी तुमच्या तळव्यावर तंबाखू ठेवली आणि विषय संपवला. खरं बोलूनही माणूस सुटत नाही, हे मी त्या दिवशी तुमच्या तोंडावर पाहिलं.

मग बाजारात काकूंच्या मेथीला गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. बाग वाळली. ते दोघं काकूंच्या माहेरी, वरवट बकालला, दुसऱ्याच्या वावरात राबायला गेले. जाताना काकूंनी आईला शेवटची जुडी दिली. आईनं ती शिजवली नाही, आणि टाकलीही नाही. तुम्ही त्यानंतर खड्ड्यात थेंब ओतला नाही. काळं घासलेट पत्र्याच्या पिंपांत भरून, बुचं घट्ट मारून, पडवीत ओळीनं ठेवत गेलात. बुलढाण्याला कचेरीत जाऊन विचारलंत, हे कुठे नेऊन द्यायचं? तिथले बाबू एकमेकांकडे बघून हसले. लोक म्हणत, मिस्तऱ्याला घाण साठवायचा नाद लागला. मरेपर्यंत तुम्ही ती पिंपं सांभाळलीत.

आता ऐका. तुमची तेरवी झाली आणि काकांनी, तुमच्या सख्ख्या भावानं, ती पिंपं भंगारवाल्याला देऊन टाकली. त्याला पिंपं हवी होती, आतलं नको होतं. आवाज ऐकून मी बाहेर धावले तोवर सगळी रिकामी. सगळं त्याच खड्ड्यात, बाबा. काका मलाच म्हणाले, "रस्त्यावर तं नाही न टाकलं? तुह्या बापाचीच शिस्त पाळली."

परवा एका लग्नाला चिखलीला गेले होते. दुकानाच्या जागी आता घर आहे, अंगणात बोअर. घरातल्या सुनेला मी सगळं सांगितलं, इथं काय होतं, खाली काय मुरलंय. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शोषखड्डा होता का? मंग बरंच झालं न काकू, तवाच बोअरले एवढं पाणी लागलं!" आणि बोअरच्या पाण्याचा गिलास भरून माझ्या हातात दिला. तिचं लेकरू तिथंच ओंजळीनं पीत होतं. पाण्याला रंग नव्हता, वासही नव्हता. मी म्हणाले, आज माझा निर्जळी उपास आहे.

कसला उपास, बाबा. घसा कोरडा पडला होता.