ब्रायनीचा डावा पाय

२६ ऑगस्ट १८२७

आजही मान जमली नाही. पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पुसली.

घोडीचे मालक सर लायोनेल थर्कल दुपारी तबेल्यात आले, पाठीमागे उभे राहिले आणि म्हणाले, हार्कर, मान जरा लांब घ्या. डोकं थोडं लहान. सगळे हेच सांगतात. उपवर मुलीचं वर्णन करावं तशी चित्रं हवी असतात लोकांना — रंग उजळ, नाक सरळ, चालण्यात दोष नाही. मीही तशीच देतो. गेल्या हिवाळ्यात शिकारीचं चित्र केलं. त्यात डझनभर स्वार होते आणि प्रत्येकाला कुत्र्यांच्या मागे पहिला आपणच हवा होता. शेवटी टेकडीला वळण देऊन निम्मे पुढे दाखवले, निम्मे पुढे असल्यासारखे.

पण ब्रायनी खरंच सुंदर आहे. तिला लांब मानेची गरज नाही. तीन वर्षांची कुमैत, तांबूस अंगाची घोडी, अंगावर एक पांढरा केस नाही, अजून एकही शर्यत हरलेली नाही. डॉनकास्टरच्या शर्यतीत जिंकली तर लंडनचा एक खोदकाम करणारा माझ्या चित्रावरून छापे काढायला तांब्याचा पत्रा खोदणार आहे. मग खानावळीखानावळीतून, न्हाव्यांच्या दुकानांतून माझी घोडी टांगलेली दिसेल. खाली माझं नाव!

वीस वर्षं मी बैल, डुकरं आणि जमीनदारांचे लठ्ठ कुत्रे रंगवत आलोय. आता हे.

२९ ऑगस्ट

डावा पुढचा पाय.

घोडी मोकळी उभी असली की तो पाय हळूच पुढे सरकतो. टाच नीट टेकत नाही. मोतद्दार दोर खेचतो, ती पाय मागे घेते, भार टाकते — आणि माझे दोन फटकारे होतात न होतात तोच पाय पुन्हा पुढे. चालताना काही दिसत नाही. हाताला गरम लागत नाही, असं मोतद्दार म्हणतो. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्याकडेच बघत बसणारा दुसरा आहे कोण?

खडूने काढलं ते जसं दिसलं तसंच निघालं. कॅनव्हासवर मात्र पाय सरळ घेतला. नेहमी घेतो तसा.

जेवताना बायकोला, हेस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांगा की."

मी म्हटलं, त्यांच्याकडे मोतद्दार आहे, शिकवणारा आहे, नाल ठोकणारा आहे. मी जाऊन त्यांना घोडा शिकवू?

तिने मटणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

३० ऑगस्ट

पाऊस. उजेड नाही. काम नाही.

३ सप्टेंबर

असा दिवस वर्षातून एखादाच येतो. पावसाने हवा धुतलेली, दारातून तिरपा उजेड, आणि ब्रायनीच्या खांद्यावर तो रंग — तांब्याच्या भांड्याला राख लावून घासल्यावर येतो तसा. हात आपोआप चालत होता. मी चित्र काढत नव्हतो, चित्र माझ्याकडून काढून घेतलं जात होतं.

अशात जॉब टिंडल आला. ब्रायनीचा जॉकी. आमच्याच गावचा, सुतारणीचा मुलगा. लहान होता तेव्हा आमच्या कुंपणावर बसून घोड्याला हाकतो तसा ओरडायचा. दारातच उभा राहिला. टोपी हातात.

"मास्तर, तुम्ही दिवसभर तिच्या पायांकडंच बघता. कशी वाटते? ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. मान वर केली नाही. खांद्याचा रंग ओला होता.

"नक्की ना?"

"अरे हो बाबा. आधी उजेडातून बाजूला हो."

तो बाजूला झाला. थोडा वेळ थांबला असावा. मग गेला.

खांदा उत्तम साधला आहे. आजवर असा खांदा मी काढला नव्हता.

४ सप्टेंबर

काल जॉबला तसं म्हणायला नको होतं. पण तो आपला सहज विचारत होता. आणि मी काही वैद्य नाही. पाय पुढे टाकून उभे राहणारे घोडे काय कमी असतात?

उद्या चित्र घरी आणणार. फक्त पार्श्वभूमी राहिली आहे, आणि खोगिरावरचा स्वार. तो जिंकल्यावर.

१९ सप्टेंबर. डॉनकास्टर

लिहवत नाही.

२१ सप्टेंबर. घरी

लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मी ते मनातल्या मनात नीटनेटकं करून टाकीन. मला सवय आहे.

मी शेवटच्या वळणाच्या कठड्याला टेकून उभा होतो. ब्रायनी चौथी होती. जॉबने तिला आतल्या बाजूने घेतलं आणि ती नुसती सुटली — तिसरी, दुसरी. लोक ओरडत होते. मीही. आणि मग तिचं डोकं एकदम खाली गेलं. पाण्यात बुडी मारावी तसं. जॉबचं पिवळं जाकीट तिच्या खाली दिसेनासं झालं. मागून येणारा घोडा दोघांवरून उडी मारून गेला.

ती उठली. तीन पायांवर. चौथा नुसता लोंबत होता. डावा, पुढचा.

जॉब उठला नाही.

माणसं त्याला फळीवर घालून घेऊन गेली. घोडीला गाड्यांच्या आडोशाला नेलं. गोळीचा आवाज फार मोठा नव्हता. मी तिच्या मागे गेलो होतो. का गेलो? तिच्या अंगाला घाम सुटला होता, त्याने तो तांबूस रंग काळपट झाला होता, आणि कडेला ऊन पडलं होतं. आणि माझ्या डोक्यात आलं — ही छटा मिळवायला काजळीत थोडा गेरू मिसळायला हवा.

हे मी कोणालाही सांगणार नाही. हेस्टरलासुद्धा नाही.

२२ सप्टेंबर

जॉब जिवंत आहे. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, चालेल कदाचित. खोगिरावर बसणं नाही.

तो सव्वीस वर्षांचा आहे.

२९ सप्टेंबर

सर लायोनेलनी बोलावलं. मला वाटलं, चित्र नको म्हणतील. मनातून तेच हवं होतं. पण नाही. त्यांना चित्र हवंच आहे. म्हणाले, दुसरं काय उरलंय तिचं माझ्याकडे? आणि तिच्या पाठीवर जॉब हवा. पिवळं जाकीट, काळी टोपी, जिंकायला निघालाय असा. डोळे भरले होते त्यांचे. माणूस वाईट नाही.

म्हणजे आता जॉबचा चेहरा काढायला जॉबसमोर बसायचं.

४ ऑक्टोबर

जॉब बहिणीकडे आहे, नदीपलीकडे. डॉर्कस. नवरा खाणीत मेला, आता लोकांचे कपडे धुते. तिने मला दारातच सांगितलं — तासभर बसा, त्याहून एक मिनिट जास्त नको. तो तुमच्यासमोर हसेल आणि मग रात्रभर मी जागायची.

पिवळं जाकीट डॉक्टरांनी कापून काढलं होतं. सर लायोनेलनी नवीन पाठवलंय. ते अंगावर चढवताना जॉबच्या कपाळावर घाम आला, पण चेष्टा करत बोलत होता. त्याला उशांच्या आधाराने बसवलं. लगाम धरल्यासारखे हात हवे होते. ते त्याला काही केल्या जमेना — हातांना ओढ लागत नव्हती. शेवटी डॉर्कसने कपडे वाळत घालायची दोरी आणली, दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली आणि आपण पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मधला भाग धरून ओढू लागली.

"घे. आता मी तुझी घोडी."

"तू? तुला तर चाबकाने पण कोणी हलवू शकणार नाही."

दोघं हसली. मग त्याने खालचा ओठ दातांत धरला. डॉर्कसने दोरी सैल केली नाही, पण तोंड खिडकीकडे फिरवलं.

हात मात्र बरोबर आले. क्षणात आले. त्या दोरीच्या पलीकडे घोडी असल्यासारखे.

९ ऑक्टोबर

चेहरा पुरा होत आला. आज डॉर्कस कपडे पोचवायला गेली होती. जॉब आपणहून बोलू लागला. म्हणाला, मास्तर, माझंच चुकलं. वळणावर आत घ्यायला नको होती. जमीन तिथे खणल्यासारखी झाली होती, मला दिसत होतं. आणखी थोडं थांबलो असतो तर बाहेरून मोकळी वाट मिळाली असती. मी घाई केली.

"मीच मारली तिला," तो म्हणाला. अगदी शांतपणे.

माझ्या हातात कुंचला होता. मी त्याच्या भुवईत एक केस रंगवला. मग आणखी एक.

१० ऑक्टोबर

भित्रा. भित्रा. भित्रा.

१४ ऑक्टोबर

हेस्टर आज चर्चहून येताना वाटेत थांबली. म्हणाली, "तुम्ही जेवत नाही. झोपेत दात खाता. तो पायच सतावतोय ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं. मग तिला ते सांगितलं जे तेव्हा सांगितलं नव्हतं — जॉबने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी त्याला उजेडातून बाजूला हो म्हटलं; आणि आता तो मीच मारली तिला म्हणतोय.

ती खूप वेळ चालत राहिली. मी मागे. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही. कुंपणाच्या फाटकाशी थांबून म्हणाली, तो पोरगा तिथे पडून स्वतःला खातोय. तुमचं दुःख तुमच्यापाशी ठेवा, अहो. पण त्याचं तरी त्याच्या डोक्यावरून उतरवा.

१६ ऑक्टोबर

गेलो. रंगपेटी नेली नाही, म्हणून डॉर्कसने ओळखलं की काहीतरी निराळं आहे. तिने आम्हा दोघांनाच सोडलं.

मी सगळं सांगितलं. घोडी कशी उभी राहायची, किती दिवस पाहत होतो, खडूने काढलं ते खरं आणि रंगाने काढलं ते खोटं. तू आत घेतलीस म्हणून ती पडली नाही, जॉब. तो पाय आधीच गेला होता. मला माहीत होतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो, कारण माझा उजेड जात होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा एकेक स्नायू मी आठवडाभर न्याहाळलाय, तरी मला काही कळेना. एकदा त्याचे हात पांघरुणावर घट्ट मिटले. मग सुटले.

आणि तो हसला.

"हात्तिच्या! एवढंच? मास्तर, मी तेव्हा आपला बोलायचं म्हणून बोललो. तुम्ही ठीक नाही म्हणाला असतात तरी काय होणार होतं? चित्रकाराच्या शब्दावर सर लायोनेल घोडी थांबवणार? हसून लोटपोट झाले असते."

मी म्हटलं, पण तू तर—

"मी काय! मला बस म्हटलं की बसायचं, उतर म्हटलं की उतरायचं. तुमच्या बोलण्याने कुणाचं काही अडलं नव्हतं. आणि ऐका, चित्रात पाय सरळच ठेवा. ती धावली तेव्हा सरळच धावली."

निघताना त्याने माझा हात हातात घेतला. घट्ट, दोरी धरली होती तसा. मला रडू आलं. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

१७ ऑक्टोबर

झोपलो. सकाळी दोन अंडी खाल्ली, हेस्टरने तिसरं दिलं तेही.

एवढं हलकं वाटायला नको. वाटतंय खरं.

२५ ऑक्टोबर

चित्र पुरं. पाय सरळ. वॉर्निश वाळलं की नेतील.

डॉर्कसला वाटेत भेटलो. जॉब कसा आहे, विचारलं. म्हणाली, बोलत नाही फारसा. भिंतीकडे तोंड करून पडतो. त्या दिवशी तुम्ही काय बोललात त्याच्याशी? मी म्हटलं, घोडीबद्दल. मोडलेला खुबा थंडीने दुखत असेल, असंही म्हटलं.

२ नोव्हेंबर

सर लायोनेल स्वतः गाडी घेऊन आले. चित्रासमोर उभे राहिले, हातमोजा काढला आणि बोट रंगाला न लावता डाव्या पायावरून वरून खाली फिरवलं. म्हणाले, याच पायाची मला शंका होती, हार्कर. दोन दिवस मन खात होतं. मोतद्दार काही नाही म्हणायचा, नाल ठोकणारा काही नाही म्हणायचा. शेवटी मी जॉबला सांगितलं — जा, त्या चित्रकाराला विचार. तो सबंध दिवस तिला बघतो आणि त्याला शर्यतीशी काही देणंघेणं नाही. तो जर जरासा जरी अडखळला, तर आपण घोडी शर्यतीत उतरवायची नाही.

मी तेव्हा तबेल्याच्या फाटकाशीच उभा होतो, म्हणाले. जॉब परत आला आणि म्हणाला, मास्तर नक्की सांगतात, ठीक आहे.

जॉबला हे ठाऊक होतं. तो हसला तेव्हा ठाऊक होतं.