अर्ध्या सिक्सरची हकीगत

अकोला,
दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार

आदरणीय गजेंद्रभाऊ,

बशीरचा आदाब आणि नमस्कार, दोन्ही पाठवतो आहे. एक तुम्ही ठेवा, एक वहिनींना द्या. तुमच्या गुडघ्याची खबर बार्शीटाकळीहून कूलर घेऊन आलेल्या तुमच्या शेजाऱ्याकडून कळली (कूलरला काही झालेलं नव्हतं, पाणी भरलं नव्हतं). तुरीला फूल बरं धरलं असेल, वहिनींचा बीपी ताब्यात असेल आणि तुमचा ताब्यात नसेल, असं धरून चालतो. इकडे खुर्शीदबी मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे. लेक आरजू अमरावतीला शिकते आहे आणि आठवड्यातून एकदा फोनवर मला शिकवते आहे. माझ्या तब्येतीचं तुम्ही उन्हाळ्यापासून विचारलं नाही. तुम्ही विसरलात असं मी समजतो, कारण दुसरं काही समजलं तर वाईट वाटेल.

उन्हाळ्यातल्या त्या फायनलला तुम्ही स्पर्धेचे सेक्रेटरी म्हणून मंडपात बसला होता, त्यामुळे तुम्हाला सगळं लांबून दिसलं. जवळून काय झालं ते आज लिहितो. माणसाचा धंदा पंखे दुरुस्तीचा असला की एप्रिल-मे त्याचे हात छताकडेच असतात. शिडीवर चढून, मान वाकडी करून, जड पंखे एका हातावर तोलून माझा उजवा खांदा असा धरला की हात खांद्याच्या उंचीला गेला की थांबायचा, जकात नाक्यावर ट्रक थांबावा तसा. मी कोणाला बोललो नाही. पंचानं स्वतःच्या दुखण्यावर अपील करायचं नसतं. फायनलच्या दिवशी सकाळीच एका पोराला आऊट दिलं तर बोट छातीच्या वर जाईना. पोरगं क्रीजवरून हलेचना. म्हणालं, "चाचा, आऊट देऊन राहिले का दम देऊन राहिले?"

मग शेवटच्या षटकात तुमच्या बार्शीटाकळीच्या संघपालनं तो फटका मारला. चेंडू दोरीवरून जो गेला तो पलीकडच्या विटांच्या ढिगात. सिक्सरला दोन्ही हात वर लागतात. माझा डावा गेला सरळ आभाळात आणि उजवा आडवाच राहिला. आता क्रिकेटमध्ये एक हात वर म्हणजे बाय आणि एक हात आडवा म्हणजे नो-बॉल (हे तुम्हाला माहीत आहे, पण वहिनी पत्र वाचतात म्हणून लिहिलं). मी एकाच वेळी दोन्ही दिले, आणि सिक्सर मात्र दिला नाही. माइकवरचा बंडू ओरडला, "बाय! बाय!" बार्शीटाकळीवाले म्हणाले, सिक्सरही आणि नो-बॉलही, वर एक चेंडू फुकट द्या. अमरावतीवाले म्हणाले, पंचानं हात केला तोच खरा. स्कोअर लिहिणारी प्रतीक्षा बिचारी मंडपातून विचारत राहिली, "सर, हे काय हाय? माह्या पुस्तकात हे चित्रच नाही." मी "सिक्सर, सिक्सर" म्हणत होतो, पण डीजेपुढे माझा आवाज तो काय. मी सिक्सर पटवून देता देता अंधार पडला, सामना अर्धवट राहिला, आणि दोन्ही गावांचं पहिल्यांदाच कशावर एकमत झालं: पुढच्या वर्षी पंच बदला.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. भाऊ, पंखा कोणीही दुरुस्त करतो. पण पांढरा कोट घालून मी मैदानात उभा राहिलो की दुकानात उधारीसाठी हुज्जत घालणारी माणसंसुद्धा माझ्या बोटाकडे बघतात. तेवढं एकच होतं माझ्याजवळ.

मग उपचार. शेजारच्या आशाबाईंनी सांगितलं, कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळा, खांदा मोकळा होते. लोंबकळलो. फांदी मोकळी झाली. नंतर माझा पुतण्या गुलफाम, जो जिममध्ये शिकवतो आणि आरशाशिवाय कोणाचं ऐकत नाही, म्हणाला, "चाचा, दुखते म्हंजे कमजोर हाय. वजन मारा." त्यानं डोक्यावर डंबेल उचलायला लावलं. वर जाताना खांद्यातून आवाज आला तो जुन्या टेबलफॅनचा असतो तसा, आणि खाली येताना मी आणि डंबेल बरोबरच आलो. त्यावर मी मोबाइलमध्ये बघून आणखी दहा-वीस व्यायाम गोळा केले. एकात पोटावर झोपून विमान व्हायचं होतं. त्या विमानावर खुर्शीदबीनं झाडू फिरवला, कारण ते तिच्या झाडायच्या वेळी उतरलं होतं.

शेवटी आरजूनं मला एसटीत घालून अमरावतीला नेलं आणि पौर्णिमाताईंपुढे उभं केलं. त्या फिजिओथेरपिस्ट, वयानं आरजूपेक्षा थोड्याच मोठ्या. मला वाटलं खांदा तपासतील. त्यांनी आधी विचारलं, "चाचा, हात वर कशासाठी न्यायचा हाय?" मी म्हणालो, सिक्सरसाठी. त्या हसल्या नाहीत (हे मी विसरणार नाही). म्हणाल्या, "मग सगळे इशारे करून दाखवा." मी शर्ट काढून वाइड दिला, बाय दिला, सिक्सर देता आला तेवढा दिला. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "खांद्यामागचं हे पातं जागचं फिरूनच नाही राहिलं. हात वर जाताना यानं बी फिरून वर जायला पायजे. खांदा एकटाच राबून राहिला, म्हणून तो रडते."

पातं म्हटल्यावर मला लगेच समजलं, फक्त हे पातं हुकाच्या जागी होतं. पंख्याचा हुक ढिला असला तर पाती घासून काय उपयोग? गुलफामनं ढिल्या हुकाला मोटर मोठी लावली होती! माझे मोबाइलमधले सगळे व्यायाम त्यांनी ऐकून घेतले आणि एकेक करत काढून टाकले. विमानही काढलं. "चांगले हायेत, पण आता तुमच्या कामाचे नाहीत," म्हणाल्या. ठेवलं ते इतकं साधं की मला अपमान वाटला. भिंतीला कोपरापासून पुढचे हात टेकवून हळूहळू वर सरकवायचे, खांदे कानाशी न नेता. मग कोपर सरळ ठेवून भिंत ढकलायची, आणि ढकलून झाली की अजून जराशी, म्हणजे पातं पाठीवर पसरतं. मग खिडकीच्या गजाला रबराचा पट्टा बांधून, कोपर कमरेशी ठेवून मागे ओढायचा. दुखेल तिथे थांबायचं आणि घाई करायची नाही.

घाई न करणं सगळ्यात अवघड गेलं. खुर्शीदबी रोज बघायची. एक दिवस म्हणाली, "रोज भिंत काहून ढकलून राहिले? घर लहान पडून राहिलं का?" मोहल्ल्यात बातमी गेली की बशीरभाईंवर काहीतरी बाहेरचं आहे आणि ते भिंतीशी बोलतात. मी ढकलत राहिलो. पावसाळा गेला तरी काही फरक दिसला नाही, आणि मग दसऱ्याच्या आसपास एका सकाळी दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढून घेतला आणि चहा पिताना लक्षात आलं, अरे, हा उजव्या हातानं काढला. मी शटर अर्धं ओढलं आणि दुकानात एकट्यानं दोन्ही हात वर केले. पूर्ण. भाऊ, डोळ्यात पाणी आलं. नेमकं गिऱ्हाईक आत आलं आणि त्यानंही घाबरून दोन्ही हात वर केले.

बाकी सर्व ठीक. तुमचा गुडघा घेऊन एकदा पौर्णिमाताईंकडे जा. वहिनींना सांगा, तिळाची चटणी संपली.

तुमचा,
बशीर

ता.क. जानेवारीत बार्शीटाकळीला पुन्हा स्पर्धा आहे असं बंडू म्हणाला. पंच ठरला नसेल तर विचार व्हावा. ठरला असेल तर त्याचाही खांदा एकदा बघून घ्यावा.

ता.क. दुसरा. फायनल नको असेल तर पहिल्या दिवसाचे सामने चालतील. तेही नको असेल तर लेग अंपायर चालेल. पांढरा कोट माझा मी आणीन.

ता.क. तिसरा. लपवाछपवी नको म्हणून कळवतो की स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. उजवा चांगला आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण नाही असंही स्पष्ट म्हणाले नाहीत. हात मात्र दोन्ही उत्तम आहेत.