पुरणपोळीला लाल टॅग

३ सप्टेंबर २००१, सोमवार
छाया माहेरी, मखमलाबादला. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी गेली ती गेलीच. कारण सांगितलं, झेंडूच्या कामाला हात हवेत. झेंडू दसऱ्याचा, आत्ता कुठे सप्टेंबर. यंदा तयारी जोरात दिसते.
सायली म्हणते, पप्पा, आई रागावून गेलीय. काहीतरीच! पुरणपोळीची कड फाटली होती, म्हणून मी पाहुण्यांसमोर ताटाला कंपनीतला लाल टॅग लावला. निव्वळ गंमत. सगळे हसले. अंबडला आमच्या क्वालिटी खात्यात साधा नियम : हिरवा टॅग पास, पिवळा दुरुस्तीला, लाल भंगारात. इतकी वर्षं तिथे काढल्यावर माणसाने घरी येताना नजर काय गेटवर ठेवून यायची?
संकल्प : फोन करायचा नाही. आपणहून येईल.

९ सप्टेंबर, रविवार
आली नाही.
सायलीने इथल्याच, इंदिरानगरातल्या लता मॅडमचं नाव काढलं. फॅमिली कौन्सेलर. नवरा-बायको, आई-मुलं, एकटेदुकटे, सगळ्यांची दुखणी ऐकून घेतात म्हणे. छायाला कुणीतरी समजवायलाच हवं, म्हणून गेलो. पेशंट हजर नसल्याने तिच्या वतीने मी बसलो.
मॅडमनी पाणी दिलं, विचारलं, तुम्ही कसे आहात? मी छायाचे दोष क्रमवार सांगितले. सगळं शांतपणे ऐकलं आणि परत विचारलं, आणि तुम्ही कसे आहात? बाई चांगल्या आहेत. ऐकायला जरा कमी येत असावं.

१६ सप्टेंबर, रविवार
बाहेर बाकावर एकलहऱ्याचं एक जोडपं. तोंडं दोन दिशांना. आत गेले. बाहेर आले तेव्हा बाईचे डोळे लाल, पण तिची पिशवी नवऱ्याच्या हातात. मॅडमचं काम बरं आहे. फायनल इन्स्पेक्शन मात्र कुठेच नाही. तसं सुचवलं. मॅडम हसल्या.
मग माझ्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, इथे छायाताई बसल्यात असं समजा आणि मनातलं बोला. खुर्ची डुगडुगत होती! छाया खरंच बसली असती तर आपटली असती. उलटी करून पाहिली, स्क्रू ढिला. खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतून पाना आणला, चारही पाय कसले. तेवढ्यात वेळ संपली. एकूण सेशन यशस्वी.

२३ सप्टेंबर, रविवार
होमवर्क : एक दिवस घरात कशालाही खोट काढायची नाही. डाव्या हातचा मळ.
सकाळी ८. उपम्यात गाठी. बोललो नाही.
८.३०. टॉवेल वाकडा वाळत घातलेला. बोललो नाही. नुसता सरळ केला.
९. सायली म्हणाली, पप्पा, त्यापेक्षा बोला, पण असा श्वास टाकू नका.
श्वासावर मॅडमनी बंदी घातलेली नाही.

७ ऑक्टोबर, रविवार
मॅडमनी आज विचारलं, टॅग लावलात तेव्हा छायाताईंचा चेहरा कसा झाला होता? पोळीची फाट चांगली आठवते. डाव्या कडेला, दीड इंच. चेहरा आठवेना. घरी आलो तरी आठवेना. रात्रीचा एक वाजला, झोप नाही. कोपऱ्यावरचा वडापाव शिळा असणार.

२५ ऑक्टोबर, गुरुवार, खंडेनवमी
उद्या दसरा आणि घरात ती नाही, हे काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, न्यायला म्हणून जाऊ नका, तिच्या कामात हात लावायला जा. कंपनीत मशिनींची पूजा उरकली, स्कूटर सरळ मखमलाबादला.
खळ्यात झेंडूचा हा ढीग! सासूबाई, मेव्हणा वाळू आणि छाया मळ्यात तोडणीला. मी लगेच हात लावला. बारकी, अर्धी उमललेली, पाकळ्या मुडपलेली, सगळी फुलं बाजूला काढली. निम्मा माल रिजेक्ट. तो गोठ्याच्या कडेला लावला आणि आत जाऊन हातपाय धुतले.
म्हशीने एकही फूल रिजेक्ट केलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, लय उपकार झाले. फूल काय साच्यातून निघतंय का? हारात समदं खपतं. वाळू पाय आपटत गेला. मी खुलासा करणारच होतो, तेवढ्यात छायाकडे लक्ष गेलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हशीसमोरच्या देठांकडे बघत नुसती उभी होती.
आणि मला गौरीजेवणाचा चेहरा आठवला. हाच. म्हणजे त्या दिवशी सगळे हसले नव्हते.
जेवण झालं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार
छाया आली! घरी नव्हे, मॅडमकडे. सायलीने हातापाया पडून आणली. त्याच खुर्चीत बसली. खुर्ची डुगडुगली नाही. (नोंद : माझं काम.)
मॅडमनी तिलाही पाणी दिलं, विचारलं, तुम्ही कशा आहात? तिने पाणी संपवलं. मग जी बोलायला लागली! म्हणाली, पोळी फाटली कारण हे मागे उभे राहून बघत होते. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की मी आधी टॉवेल सरळ करायला धावते.
माझ्याकडे तीन मुद्दे तयार होते. मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिन्ही गिळले. आणि मला रडू आलं. डोळ्यांत काही गेलं नव्हतं, खरंच रडू आलं. म्हणालो, छाया, चुकलो गं. घर खायला उठतं. चल.
ती म्हणाली, विचार करते.

११ नोव्हेंबर, रविवार
विचार झाला. छाया घरी! करंज्या तळताना एक फुटली, सारण तेलात. मी तीच मागून घेतली आणि खाल्ली. न बोलता. श्वाससुद्धा न टाकता. सायली बघतच राहिली.
माझं ट्रेनिंग पूर्ण. मॅडमना सांगायचं, केस क्लोज. आता घरून हिरवा टॅग यायला हरकत नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार, वसुबारस
सकाळी छायाने आपणहून स्वेटर हातात दिला. केवढा फरक! शीळ घालत अंबड गाठलं. सिग्नलला मागचे लोक हसत होते. सणाचे दिवस, माणसं खुशीत असतात.
गेटवर वॉचमन केरू म्हणाला, साहेब, पाठीवर काहीतरी लोंबतंय.
टॅग. पिवळा. माझ्याच घरच्या ड्रॉवरमधला. छायाच्या अक्षरात : दुरुस्ती चालू. पुढची तपासणी : रोज.
पिन वाकडी लावलीय. घरी आल्यावर बोललो नाही.