कोपऱ्याच्या विटा

आई, सकाळपासून कशातच जीव लागत नाहीये. चहा केला, तो गार झाला, परत गरम केला आणि परत विसरले. म्हणून तुझ्याशी बोलायला बसलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला तूच आठवतेस.

ताथवड्याचं आपलं घर आठवतंय का गं? भावकीतून वेगळे निघालो आणि आबांनी माळावर स्वतःच्या हातानं भिंती घालायला घेतल्या. तिकडं पिंपरीला कारखाने उठत होते, भट्टीवरची सगळी वीट गाड्या भरभरून तिकडंच जायची. आबा म्हणाले, रानात गारगोट्या काय कमी आहेत? त्याच वेचून मातीत बसवल्या, पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत. सरळ भिंत कशीबशी निभावली, पण कोपरा कुठला बसतोय! गोल दगडाला कडच नसते. तू भट्टीवर विटा वाहायचीस, तुला ते आधीच दिसलं. रोज येताना पाटीतून तुटक्या, भाजून काळ्या पडलेल्या विटा आणायचीस, खास कोपऱ्यांसाठी. आबांनी त्यांना हात लावला नाही.

"लोकांनी टाकल्याली ईट माज्या घराला? अगं, भावकी हसंल!"

"हसू द्या. त्यास्नी हाय व्हय आत निजायचं?"

घरभरणीला पाहुणे जमले आणि तू चूल मांडलीस ती बाहेर, बाभळीखाली. कोपऱ्याला पोट आलंय, माझी लेकरं त्या भिंतीखाली निजायची न्हाईत, एवढंच म्हणालीस. आत्या फणकारली, आजीनं तोंडाचा पट्टा सोडला. तू भाकरी थापत राहिलीस. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, इतका राग आला तुझा! शेवटी आबा पहार घेऊन उठले. "बगा रं समदी, किती मजबूत हाय!" म्हणत कोपऱ्यावर घाव घातला, आणि अख्खा कोपरा खळखळ खाली आला. कुणी हसलंसुद्धा नाही. आबा मटकन खाली बसले. मान वर न करताच म्हणाले, "आन तुज्या इटा." तू आधी त्यांना पाण्याचा तांब्या दिलास, मग विटा आणायला गेलीस.

आज पुनावळ्यात तुझ्या नातवाच्या नव्या फ्लॅटची पूजा आहे. त्याचं बाळ ज्या खोलीत निजणार, तिथल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेलीय. मी दाखवली, तर म्हणतो, "आई, प्लास्टरची आहे गं, पुट्टी मारली की झालं." बिल्डरचा माणूसही तेच म्हणाला. असेलही बाई, मला कुठं कळतंय. पण जिवाला चैन नाही. गाडी आलीय, सून खालून हाका मारतेय. दूध उतू घालायचा मान माझा म्हणे. सगळे म्हणतात मी तुझ्यावर गेलेय, मीही हसून हो म्हणते. साडी नेसून बसलेय, आई. मी जाणार, दूधही उतू घालणार, आणि कुणाला एक शब्द बोलणार नाही.