अंगठ्यापुरती जागा

आरमोरी, शनिवार, २१ जानेवारी १९५६

आमच्या वर्गाच्या हस्तलिखित मासिकाची प्रत एकच, तीच साऱ्या शाळेत फिरते. सागाच्या पानांच्या रसानं मी पानोपानी वर लाल वेल काढली, म्हणून मजकूर पार खालच्या कडेला गेला. परवा वर्गातली यशोदा म्हणाली, "वेल मस्त हाय, पण पान धरू कुठी? शेवटची ओळ अंगठ्याखाली जाते." मले रागच आला. अंक घरी आणून पाहिलं तर कोपऱ्या-कोपऱ्यात अंगठ्यांचे डाग. माझ्या कवितेची शेवटची ओळही पुसलेली. म्हणजे ती कोणी वाचलीच नाई?

आज नव्या अंकातली वेल निम्मी केली. जिवावर आलं. खालचा कोपरा कोरा सोडून कविता पुन्हा लिहिली, यशोदेला दिली. तिचा अंगठा नेमका कोऱ्या जागेवर बसला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचली, आणि पान न उलटता परत वरून वाचायला लागली.