चार पेट्या व वाळूचा डबा कोणाकडे जावा

मी रामेश्वर तात्याबा गर्जे, वय ५१, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार पाटोदा, जिल्हा बीड. डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही. स्वतःच्या हाताने केलेलं आधी लिहितो: नाकतोड्यांच्या पेट्या चार, प्रत्येकी दोन फूट उंच, तीन बाजूंनी बारीक जाळी, पुढे सरकती काच, चाळीसचा बल्ब बसवलेली झाकणं चार, अंडी घालायला वाळूचा डबा एक, खोली चार इंच, कमी नाही, नोंदवह्या अकरा. शाळा सातवीपर्यंत. हे शिकवायला कोणी नव्हतं.

सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डब्यातली अंडीही त्याच आठवड्यात फुटणार. म्हणून घाई.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी साखराबाई हिला.

२. दुकान व वाइंडिंग मशीन मुलगी धनश्री हिला. विकलं तरी चालेल. तेल घालून विकावं.

३. धाकटा भाऊ सिदू याला मोटारसायकल. पेट्यांना त्याने हात लावू नये. फवारलेल्या बांधावरचं गवत त्याने आणून टाकलं, एका दुपारी एकसष्ट मेले. वर मलाच म्हणाला, "पीक खाणारी जात पोसतो अन् रडतो कावून बे?"

४. पेट्या, डबा, वह्या साखराबाईलाच. होय, तिनेच तीन वर्षांमागे डब्यातली वाळू कढईत ओतून शेंगा भाजल्या. चाळलेली, स्वच्छ वाळू दिसली, घेतली. अंडी त्यातच होती. शेंगा मीही खाल्ल्या, लई चांगल्या झाल्या म्हणालो, मग डबा पाहिला. तेव्हापासून ती रोज विचारते, "अवो, वाळूवर आज पाणी किती शिंपू?" दुसऱ्या कुणी कधी विचारलेलं नाही.

साखरा, धनश्रीकडून हे वाचून घे. वाळू ओलसर हवी, चिखल नको. हरळीचं गवत आधी पुसून मगच पेटीत टाक. पाण्याची वाटी नको, बुडतात. भिजवून पिळलेला कापूस ठेव. कात टाकताना उलटा लटकला तर मेला समजून काढू नकोस. पिल्लं जाळीतून निसटतील एवढी बारीक असतात, आधी जाळीवर मलमल बांध. हे लिहिताना दोनदा उठून डबा पाहून आलो. अजून काही नाही.

सही: रामेश्वर तात्याबा गर्जे
साक्षीदार: लखन खाडे, म्हाळू सानप
पाटोदा, ९ ऑगस्ट २०२५

सही झाली, पण एक राहिलं. साक्षीदारांनी याखालीही सही करावी. परळीचा रंगीत माशांचा दुकानदार मी नसताना परत येईल. त्याला हे जिवंत नाकतोडे मोठ्या माशांपुढे टाकायचेत. पैसे ऑपरेशनला कामी येतील म्हणत सिदूनेच त्याला घरी आणलं होतं. पेट्या, वह्या, अंड्यांसकट सगळं उचलतो, असं दुकानदार म्हणाला. मी नाही म्हणालो. साखरानेही नाहीच म्हणावं. देऊ केलेली रक्कम रु. ३६,०००/-, अक्षरी रुपये छत्तीस हजार फक्त.